आजचं पाणी आजच

अर्नाळ्याच्या धर्माला पाणी सांगायची भारी हौस. किनाऱ्यावरून समोरच्या बेटावर, किल्ल्यातल्या वस्तीत जायचं तर होडीशिवाय गत्यंतर नाही, आणि ओहोटीला होडी चिखलात बसते. चाळीस वर्षं होडी चालवल्यावर गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा धर्माने वल्हं ठेवून मोबाइल हातात घेतला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. हा हिशोब बोटांवर करून तो रोज सकाळी पोस्ट टाकायचा: "आज सहाला भरती. सव्वाआठपर्यंत होडी चालेल." अकरा हजार लोक त्याला फॉलो करत. बायको रंभा म्हणायची, "दोन बादल्या पानी भर म्हटलं तर ऐकू येत नाय, नि चाललाय जगाचं पानी बघायला."

मग विनयाच्या भाच्याचं बारसं आलं. विनया किल्ल्यातलीच लेक, पण लग्न होऊन चंदनसारच्या फ्लॅटात गेल्यापासून तिथी विसरून मोबाइलवर विसंबणारी. पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाला ती पैठणी नेसून किनाऱ्यावर हजर. मागे नवरा रमेश, डोक्यावर पाळणा. समोर पाण्याचा पत्ता नाही! पौर्णिमेची ओहोटी ती, नजर जाईल तिथवर चिखल. शेवटी आत्याबाईंनी काठावर उभं राहून फोनवरूनच बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं. बाळ म्हणे हसलं. विनया काही हसली नाही.

"धर्माकाका, तुमच्या भरवशावर आले मी!" तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला. पोस्ट धर्माचीच होती, पण अष्टमीची, आठवडाभर जुनी. ते अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीच्या यंत्राला वाटलं ती आज दाखवावी, दाखवली. आणि धर्मा तारीख कधी घालतच नसे. आज म्हणजे आज, त्यात लिहायचं काय?

"म्हातारा चळला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. धर्माच्या ते फार जिव्हारी लागलं. चाळीस वर्षांत त्याचं पाणी कुणी खोटं ठरवलं नव्हतं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. अकरा हजार गेले खड्ड्यात, पण विनयाने पुन्हा एकदा आपल्या शब्दावर होडीत पाय ठेवावा, एवढंच त्याला हवं होतं.

सून रचना कॉम्प्युटरवर काम करणारी. ती म्हणाली, "बाबा, तारीख टाका, पण तेवढ्याने भागणार नाही. कुणाला काय आणि कधी दाखवायचं ते तिथे कंपनी ठरवते. दुसरं एक नेटवर्क आहे. त्याला मालकच नाही."

"मग चालवतो कोन?"

"ठिकठिकाणची माणसं. आपापला सर्व्हर ठेवतात, आणि सगळे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले. आपल्या वसईत फेबियन सर घरातून चालवतात. पोस्ट टाकली त्याच क्रमाने दिसते, मध्ये कुणाचा हात नाही."

फेबियन सर म्हणजे निवृत्त शिक्षक. सदस्य होताना त्यांचा एक प्रश्न असे, तुम्हाला इथे का यायचंय? धर्माने लिहिलं, "पानी सांगायला." दहा मिनिटांत उत्तर आलं, "या! येताना सुकट आणलीत तर आणखी बरं."

पहिल्या आठवड्यात फॉलोअर चार. रचना, सर, सरांच्या मिसेस आल्बिना आणि भलत्याच सर्व्हरवरचा देवगडचा एक होडीवाला. "अकरा हजारावरून चारावर आलास, वा!" रंभाने टाळी वाजवली. पण देवगडकराशी धर्माचं चांगलंच जमलं. वारा, जाळी, गुडघेदुखी, विषयांना तोटा नव्हता. जुन्या ठिकाणी धर्माने एकच पोस्ट ठेवली, "इथे पाणी मिळणार नाही," आणि खाली नवा पत्ता. हळूहळू गावातली माणसं आली. एक दिवस यादीत विनयाचं नाव दिसलं. तिने एक अक्षर लिहिलं नाही, तरी धर्मा दिवसभर शीळ घालत फिरला.

सहा महिन्यांनी भाच्याचं उष्टावण. त्या सकाळी धर्माने तारखेसकट लिहिलं, "आज चतुर्थी. तीनला भरती. सव्वापाचपर्यंत होडी चालेल." चहाचा घोट घेतो तोच देवगडहून उत्तर आलं, "धर्माभाऊ, तृतीया दोन दिवस आलीय. चतुर्थी उद्या."

धर्मा आधी फणकारला. मग त्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. देवगडकर बरोबर होता! धर्माचे कान तापले. कुणी बघायच्या आत पोस्ट पुसून टाकावी, असंही मनात आलं. पण विनया अर्धी रजा टाकून पाचच्या बेताने किनाऱ्यावर पोचणार, हे त्याला माहीत होतं. त्याने लिहिलं, "माझं चुकलं. आज तृतीयाच. सव्वादोनला भरती, होडी साडेचारपर्यंतच. लवकर निघा."

"माझ्यासमोर जन्मात कदी 'चुकलं' म्हटलं नाय," रंभा म्हणाली.

सव्वाचारला किनाऱ्यावर रिक्षा थांबली. चांदीची वाटी सांभाळत विनया धावत आली, मागून रमेश. धर्मा होडीपाशी मान खाली घालून उभा होता.

"धर्माकाका, आज खरंच चुकलात की हो."

"चुकलो गो पोरी."

"पण लगेच सांगितलंत. नाहीतर उष्टावणही फोनवरच झालं असतं." तिने त्याच्या हाताचा आधार घेतला आणि होडीत पाय ठेवला. "बरं, आता परत कधी निघू?"

धर्माने बोटांवर तिथी मोजली. "आज ऱ्हा भाच्याकडं. उद्या तीनला भरती हाय."

"तीनला," विनया म्हणाली, आणि खात्री करायला फोन बघण्याऐवजी तिने तो पर्समध्ये टाकून चेन लावली.