जोडीदार रविवारी कुठे जायचा

सैनिकी प्रबोधिनीतल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शहर दिसायचं ते फक्त रविवारी, आणि तेही एकट्यानं नाही. निळा ब्लेझर, गळ्याशी आवळलेला टाय, चेहरा दिसेल असे चकचकीत बूट, आणि शेजारी जोडीदार. जोडीनं जायचं, जोडीनं यायचं. एकानं काही उद्योग केला तर जाब दोघांनी द्यायचा. फाटकावर पास हातात ठेवताना कवायतीचे उस्ताद बजावत, बाहेर कोणी गोड बोलायला लागलं की समजा त्याला काहीतरी हवंय. काडीनं ते बोलणं ताईतासारखं गळ्यात बांधून घेतलं होतं.

काडी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पोरगा मुळात शिडशिडीत, त्यात न्हाव्यानं डोकं भादरलं, मग वर नुसतं गुल राहिलं आणि खाली काडी. वडील छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर उभे राहून म्हातारे होत चाललेले. त्यांच्या घरात खुर्चीवर बसून सही करणारं आजवर कोणी निपजलं नव्हतं. आई देवासमोर हात जोडायची तेव्हा दोनच मागणी असायची: पोराच्या अंगाला अन्न लागू दे आणि पोराची जागा टिकू दे.

त्याचा जोडीदार म्हणजे त्याच खोलीतला, पलीकडच्या खाटेवरचा मुलगा. बोलणं मोजकं, म्हणून सगळे त्याला मुनी म्हणत. पहिल्याच रविवारी, चौकात बसमधून उतरल्या उतरल्या मुनी म्हणाला, "तू फीर. अंधार पडायच्या आत मी इथेच येतो."

"आणि तू कुठे?"

"काम आहे."

एवढं बोलून तो गर्दीत दिसेनासा झाला. नव्या शहरात एक दिवस होत नाही तोवर याचं काम कुठून निघालं, हे काडीला काही कळेना.

एकट्यानं फिरायचं म्हणजे शिक्षाच होती. बागेत बाकावर जाऊन बसला तर शेजारचं जोडपं त्याचं भादरलेलं डोकं आणि ब्लेझर बघून उठून गेलं. तळ्यावर होडी एकट्याला मिळत नव्हती. वस्तुसंग्रहालयात पहारेकरी दालनामागून दालन त्याच्या मागे फिरला, जणू हा जुनी तलवार पँटमध्ये घालून नेणार होता. शेवटी एका जिन्यावर कॅरमचा क्लब सापडला. काडी गावाकडे कॅरममध्ये भल्याभल्यांना पाणी पाजायचा. पण तो आत शिरला आणि गप्पा बंद पडल्या. एकानं घाईनं पत्ते खिशात घातले. "चौकशीला आलात का?" असं एका चष्मेवाल्यानं अगदी नम्रपणे विचारलं. नाही म्हटलं तरी त्यांना पटेना. खेळायला बसले ते राणी समोर असताना मुद्दाम चुकवू लागले. जिंकण्यात काही राम उरला नाही, तेव्हा काडी उठला.

संध्याकाळी मुनी आला तो डोळे लाल घेऊन. गालावर आडवे वळ, चाल सैल, आणि ब्लेझरच्या खांद्याला पांढरा पांढरा धागा चिकटलेला. अंगाला नव्या कापडाचा वास. काडीनं काही न बोलता तो धागा झटकला, आणि झटकल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपणही यात हात घातला.

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. काडीचं मन आता खोलीतही शंका हुंगायला लागलं. सकाळी उठावं तर आपल्या चपला भलतीकडेच. म्हणजे रात्री मुनी त्या घालून कुठे जातो की काय? दाराच्या कडीला बुटाची नाडी बांधलेली असायची. कशाला? मुनीच्या उजव्या मनगटाभोवती लाल रेघ असायची, आणि विचारलं की तो बाही खाली ओढायचा. काडीनं मनाशी एकेक ताडून पाहिलं. दारू म्हणावी तर वास नाही. बाई म्हणावी तर हा मुनी. मग त्याहून वाईट काहीतरी असणार, ज्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही.

अशात दुसऱ्या तुकडीतला एक मुलगा बाहेर दारू प्यालेला सापडला. त्याला तर काढलंच, पण त्याची बाजू सावरून घेणाऱ्या जोडीदारालाही घरी पाठवलं. तो मुलगा ट्रंक उचलून फाटकाकडे निघाला ते सगळ्यांनी पाहिलं. काडीला त्या ट्रंकेवर आपलंच नाव दिसायला लागलं. त्यानं ठरवलं, सोमवारी उस्तादांना जाऊन सांगायचं. तसं त्यानं ताईला फोनवर सांगूनही टाकलं. ताई म्हणाली, "सांगायचं तर सांग, पण आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. उद्या त्याच्या आईनं मला विचारलं तर मी काय तोंड दाखवू?"

म्हणून त्या रविवारी काडी मुनीच्या मागावर निघाला. आडोशाआडून पुढे सरकायचं शिक्षण नुकतंच झालं होतं, पण ते झुडपांचं. निळा ब्लेझर घालून फळांच्या गाडीमागे वाकलेला माणूस रस्त्यावरच्या पोरांनाही दिसत होता. त्यातलं एक पोरगं तर त्याच्याबरोबर वाकून चालायला लागलं. त्याला हाकलेपर्यंत मुनी बंद दुकानांच्या एका गल्लीत वळला होता. एका अर्धवट खाली ओढलेल्या शटरवर त्यानं बोटांनी टकटक केलं. एक जाडजूड माणूस डोकावला, त्यानं गल्लीची दोन्ही टोकं न्याहाळली, मुनीला आत घेतलं आणि शटर जमिनीला टेकवलं.

थोड्या वेळानं एक बाई पदराखाली काहीतरी झाकून आली, तिलाही आत घेतलं; या वेळी शटर जमिनीपासून वीतभर वरच राहिलं. आता बघायचं ते पाहून झालं, असंच सोमवारी सांगायचं, असं म्हणून तो परत फिरलाही. पण ताईचं बोलणं आठवलं. पाहिलं होतं ते फक्त शटर.

त्यानं जाऊन शटर ठोठावलं.

"दुकान बंद आहे," आतून आवाज आला.

"माझा मित्र आत आहे."

"इथे कोणी नाही."

काडी खाली वाकला. शटरच्या फटीतून दोन चकचकीत बूट दिसले, कवायतीच्या मैदानावर लावतात तसे टाचेला टाच लावून. त्यानं दोन्ही हातांनी शटर वर ढकललं.

आत छतापर्यंत गाद्या होत्या. नव्या, जुन्या, उसवलेल्या, कोपऱ्यात पिंजलेल्या कापसाचा डोंगर. गाद्यांच्या एका थप्पीवर मुनी पालथा पडून झोपला होता, तोंड उघडं. ब्लेझर खिळ्याला नीट टांगलेला. बाईनं ओठांवर बोट ठेवलं. पदराखाली तिनं आणला होता तो चहाचा थर्मास.

गादीवाला काडीच्या आणि मुनीच्या मधे येऊन उभा राहिला. "पकडायला आलास ना याला? पळून आलेला आहे ना हा? मी पहिल्या दिवसापासून हिला सांगतोय, सरकारी पोरगं लपवलं तर आपलीच वरात निघेल."

"तुम्ही गप्प बसा हो," बायको कुजबुजली. मग तिनंच सांगितलं. पोरगा उशीचा भाव विचारायला आला होता. गादीवर बसून बघू का म्हणाला, बसला, आणि बसल्या जागी कलंडला. तिला उठववेना. "कोणाचं तरी लेकरू. आठवडाभर झोपलेलं नसावं असं झोपतंय."

काडीला आधी हसूच आलं. एवढ्यासाठी? मग राग आला. प्रबोधिनीत खाट आहे, रात्र आहे, मग झोपायला शहरात कशाला यायचं? त्यानं मुनीला गदागदा हलवलं. मुनी दचकून उठला आणि डोळे उघडायच्या आत त्यानं काडीचा दंड घट्ट धरला. असा धरला, जसा रोजचा सराव असावा.

"रात्री काय करतोस तू?" काडीनं विचारलं.

मुनी खाली बघत म्हणाला, "मी नाही. तू."

काडी रात्री झोपेत उठायचा. चपला घालायचा, दारापर्यंत जायचा, कडी काढायचा. पहिल्या आठवड्यात मुनीनं त्याला जिन्याच्या कठड्यापाशी धरलं होतं, खाली तीन मजले. तेव्हापासून तो कडीला नाडी बांधून तिचं दुसरं टोक मनगटाला अडकवायचा. नाडी ओढली गेली की उठायचं, याला खाटेवर आणायचं.

"खोटं," काडी म्हणाला. "स्वतःला वाचवायला मला वेड्यात काढतोस?"

"सांगितलं असतं तर प्रकरण डॉक्टरकडे गेलं असतं. डॉक्टरकडे गेलं की तुझी जागा गेली. तू झोपेतही आईशी त्याच जागेबद्दल बोलतोस."

हे मुनीला ठाऊक असायचं दुसरं कारण नव्हतं. काडी थप्पीच्या कडेवर बसला. इतके दिवस तो मुनीवर नजर ठेवून होता, आता त्याला स्वतःच्याच पायांचा भरवसा वाटेना. दोन्ही पाय शहाण्यासारखे शेजारी शेजारी होते. बाईनं त्याच्याही हातात कप दिला. तो त्यानं धरला, पण तोंडाला लावला नाही.

गप्प राहायला मुनी तयार होता. सत्र संपेपर्यंत ओढू म्हणाला. पण सोमवारी काडी गेला तो उस्तादांकडे नाही, डॉक्टरांकडे. मुनीला बोलावणं आलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो ताठ उभा राहून म्हणाला, "मला काही माहीत नाही, साहेब. आमच्या खोलीत सगळे शांत झोपतात."

"हा खोटं बोलतोय, साहेब," काडी म्हणाला. "याचं मनगट बघा."

डॉक्टरांनी दोघांकडे असं पाहिलं, जसं काही दोघं मिळून सुट्टीसाठी नाटक करताहेत. मनगट पाहिलं तरी नजर बदलली नाही. काडीला दवाखान्यात ठेवून रात्री नर्सला लक्ष ठेवायला सांगितलं. सुरुवातीला तो दगडासारखा पडून राहिला, आणि डॉक्टरांना वाटलं आपण ओळखलं ते बरोबर. मग एका सकाळी नर्सनं कळवलं, मुलगा उठून दारात जाऊन सावधानमध्ये उभा होता, हाताला धरल्यावर निमूट परत आला.

काढलं नाही. पण एक सत्र मागे ठेवलं, खोली तळमजल्यावर दिली, आणि वर्षभरानं पुन्हा तपासू म्हणाले. बाकीची मुलं पुढे गेली, मुनीही. आईला हे सगळं ताईनंच समजावलं. आई म्हणाली म्हणे, जागा टिकली ना, मग देवानं ऐकलं.

रविवारी काडी आता नव्या जोडीदाराला सांगून गादीवाल्याकडे जातो. बाईनं त्याला दाभणानं गादीला टाके घालायला शिकवलं आहे. सुरुवातीला त्याचे टाके तिरके जायचे, ती उसवायची आणि म्हणायची, बाळा, यावर माणूस झोपायचा आहे. हात गुंतले की त्याचं डोकं शांत होतं. मालकाचं मात्र अजून समाधान झालेलं नाही. कापूस भरता भरता तो दर वेळी जवळ सरकतो आणि हळूच विचारतो, "खरं सांग, तुला काढून टाकलंय ना?"

"नाही हो, काका."

"बरं," तो म्हणतो. "घरी नसेल सांगितलं, तर मी काही कोणाला बोलणार नाही."