विहिरीपासून पंचवीस हात

वर्ध्याला कॉलेजात असताना मी भाड्याच्या खोलीमागच्या परसात मधमाश्यांची एक पेटी ठेवली होती. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. सुटीत ग्रामोद्योगाच्या वर्गात माश्या पाळायला शिकलो, तेव्हा तिथल्या गुरुजींनी ती पेटी दिली होती. वर्षभर टिकवून दाखव, मग आणखी देऊ, असं ते म्हणाले होते. वडनेरला वडिलांच्या शेतात बांधाकडेनं पेट्या मांडायच्या, असं माझ्या मनात होतं. म्हणून ती एक पेटी जगणं मला परीक्षेइतकंच मोठं वाटे.

पेटीजवळच विहीर होती आणि शेजारपाजारचे सगळे तिचं पाणी भरत. ऊन वाढलं तशा माश्या पाण्याला येऊ लागल्या. विहिरीच्या काठावर बसत, शेजारच्या काकूंच्या रांजणाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यावर बसत. चावल्या कुणालाच नव्हत्या. तरी काकूंनी तक्रार केली आणि नगरपालिकेचा जमादार आला. विहिरीपासून पंचवीस हातांच्या आत जनावर बांधायचं नाही, असा नियम होता. माशी जनावरात मोडते का, असं मी बिचकत विचारलं.

"पाळता ना तुमी? मंग जनावरच झालं," तो म्हणाला. "आजच्या आज हलवा."

हलवायला माझी ना नव्हती. पण माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. रोज हातभर सरकवली तर तिला पेटी सापडते. एकदम लांब नेली, तर बाहेर गेलेली माशी जुन्या जागीच परत येते. हे मी जमेल तसं सांगितलं आणि महिनाभराची मुदत मागितली. घरमालक काका ऐकत उभे होते, ते हसले. "बैल काय रोज हातभर सरकवत नेते का कोणी, बाबू?" जमादार म्हणाला, नियमात हळूहळू असं काही लिहिलेलं नाही.

मोठ्या माणसांपुढे माझा आवाज आपोआप खाली जाई. दिवस मावळल्यावर मी पेटी उचलली आणि परसाच्या दुसऱ्या टोकाला, तुराट्यांच्या कुंपणाशी ठेवली.

सकाळी जमादार मोजायला आला. त्याचं मोजून होतं न होतं तोच माश्या परतू लागल्या, त्या थेट विहिरीकडे. जुन्या जागी पेटी दिसेना, तेव्हा दोरावर, रहाटावर, काकूंच्या रांजणावर त्यांचे पुंजके बसले. काकूंच्या हाताला एक चावली. पेटी परत जागेवर ठेवू द्या, संध्याकाळपर्यंत सगळ्या आत जातील, असं मी विनवलं.

जमादार म्हणाला, "पेटी बराबर जागेवर हाय. माशाच चुकून राह्यल्या."

काकांनी निकाल दिला, पेटी तरी जाईल नाहीतर खोली तरी. त्याच दुपारी काकूंकडून वाटी आली. सासऱ्यांना खोकला होता, थोडा मध हवा होता. मी दिला.

संध्याकाळी उरल्यासुरल्या माश्यांवर दार बांधून मी पेटी मोटारीनं गावी नेली. परतलो तेव्हा रिकाम्या जागी मूठभर माश्या अजून घिरट्या घालत होत्या. काकू घागर घेऊन दूर उभ्या होत्या.

"तुमीच सांगा ना त्याईले, पेटी गेली म्हणून."

गावी नेलेलं पोळं जगवायला पुरेशा माश्याच उरल्या नव्हत्या. वडील रोज पाणी ठेवत, वर सावलीही केली होती. तरी पावसाच्या तोंडावर पेटी रिकामी झाली, आत मेणकिडा लागला. ती परत द्यायला मी वर्गात गेलो. गुरुजींनी झाकण उघडून पाहिलं, काय झालं ते ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "अरे, पण एकदम काऊन हलवली? रोज हातभर, असं शिकवलं होतं ना तुले?"