निळा उतरेपर्यंत

तापीच्या दोन्ही काठांवर आमच्या आतोबांइतका रंग कळणारा माणूस झाला नाही, आणि त्यांच्याइतका औषध न कळणाराही झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. अमळनेरकडून तरुणपणी सुरतेला आले आणि उधन्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात चिकटले ते कायमचे. गिऱ्हाइकाने दिलेल्या चिंधीबरहुकूम रंग जुळवून देणे हे त्यांचे काम. हिरवा नावाचा रंग जगात नाहीच, असे ते म्हणत. पोपटी असतो, शेवाळी असतो, कैरीच्या सालीचा असतो. नात्यातल्या एका लग्नात नवरीच्या शालूपेक्षा पोलक्याचा लाल जड झाला आहे, हे त्यांनी मंगलाष्टके चालू असताना तिच्या सासऱ्याला सांगितले होते. आत्याने केलेला चहा ते आधी खिडकीकडे धरून पाहत आणि मग पीत. मी मॅट्रिक होऊन, त्यांच्याच घरी राहून, वाचनालयात नोकरीला लागलो तेव्हापासून ते मला पंडित म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून कळलेले नाही.

अशा माणसाला साखरेचा आजार व्हावा आणि त्या आजाराची परीक्षा रंगावर व्हावी, हा योग विलक्षणच म्हणायचा. काचेच्या नळीत निळे औषध घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळेच राहिले तर साखर नाही. मग हिरवट, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटकरी, तशी साखर जास्त. आमच्या गल्लीतल्या वृद्ध डॉक्टरांनी हे समजावून दिले, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी एकेक गोळी लिहून दिली आणि रोजचा रंग वहीत लिहून आणायला सांगितले. महिन्याने आतोबांनी वही नेली. तिच्यात एकही अक्षर नव्हते. रोजच्या रोज कारखान्यातून त्या रंगाची चिंधी आणून त्यांनी चिकटवली होती. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि पाने उलटून पाहिली. "काका, यात तुमची साखर कुठे?" त्यांनी विचारले. "समोर आहे की! हा मंगळवारचा, कांद्याच्या सालीचा."

आजाराबद्दल त्यांच्या मनात जो गोंधळ होता तो त्यांनी हळूहळू आमच्याही मनात घातला. साखर बाहेर पडते आहे, म्हणजे चांगलेच आहे की, असे ते म्हणत. मी दोन पुस्तके वाचून उत्तर तयार करी, पण त्यांच्यासमोर बसलो की मलाच ते पटेनासे होई. गोळीबद्दल मात्र त्यांचे मत ठाम होते. कढईत रंग हवा तसा उतरला नाही तर रंगारी काय करतो? चिमूट-चिमूट आणखी घालत जातो. विटकरी आला की ते दीड गोळी घेत, पिवळा आला की एक, आणि शेवाळीवर अर्धी. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, आणि मी गप्प राहिलो, कारण वहीतल्या चिंध्या खरोखरच निळ्याकडे सरकत होत्या.

त्या वर्षी त्यांनी मनाशी एक पण केला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सगळी सुरत घारी खाते. तूप पाझरणारी ती जाड, गोड घारी कारखान्यातल्या सोबत्यांबरोबर ओट्यावर बसून खाण्याचा आतोबांचा नेम कधी चुकला नव्हता, आणि आता डॉक्टरांनी तिचे नावही घेऊ नका म्हणून बजावले होते. "पंडित, निळा आला की डॉक्टर काय बोलणार? कोजागिरीला निळा उतरवतो, दुसऱ्या दिवशी घारी." मी हसलो. कोजागिरीला त्यांचा उपास असे. त्या सकाळी त्यांनी दोन गोळ्या घेतल्या, पाणी प्याले आणि कामावर गेले.

दुपारी तीनच्या सुमारास दोन सोबत्यांनी त्यांना रिक्षात घालून घरी आणले. "काकाने चक्कर आव्या," त्यांतला एक गुजरातीत म्हणाला. सदरा घामाने भिजला होता, हात कापत होते. ते जागे होते, पण बोलणे भरकटले होते. माझ्याकडे बोट दाखवून ते आत्याला म्हणाले, "या गिऱ्हाइकाला सांग, माल उद्या." चाळीतले सगळे जमले. साखर चढली, असे कुणीतरी म्हणाले आणि ते सर्वांनाच पटले, कारण साखरेचा आजार म्हटल्यावर दुसरे काय होणार? घरात शिकलेला मी एकटा. मी फळीवरची बाटली काढली, एक गोळी तळहातावर घेतली आणि त्यांच्या तोंडाशी नेली.

आत्या तोवर स्वयंपाकघरातून गुळाच्या पाण्याचे तीन पेले घेऊन आली. उन्हातून आलेल्याला गूळपाणी द्यायचे ही तिच्या माहेरची रीत. दोन पेले तिने सोबत्यांना दिले आणि तिसरा नवऱ्याच्या ओठांना लावला.

"आत्या, अगं साखर चढलीय त्यांना! विष देतेस का?"

"घरमा उनेल माणूसले पानी नही देवानं का?" ती माझ्याकडे न बघता आपल्या अहिराणीत म्हणाली. घरी आलेल्याला पाणी द्यायचे नाही का, म्हणे. "तुनी शाळा तुनापान ठेव."

आतोबा घोट-घोट करत पेलाभर प्याले. मी गोळी मुठीत धरून उभा राहिलो. पाव तासाने त्यांनी डोळे नीट उघडले, भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, "हा चुना पिवळा पडलाय." आत्या तोंडाला पदर लावून रडू लागली.

चाळीतल्या कुणीतरी बोलावलेले डॉक्टर आले. सगळे ऐकून घेतल्यावर ते मला म्हणाले, "साखर चढली नव्हती, उतरली होती. फार उतरली होती. अजून एक गोळी पोटात गेली असती तर..." या गोळीचा असर लांबतो, म्हणून त्यांनी लगेच वरण-भात खायला लावला आणि उद्यापर्यंत यांना एकटे सोडू नका म्हणून सांगितले. मग आतोबांकडे वळले. "काका, गोळी म्हणजे रंग नाही. मनाने वाढवायची नाही, मनाने कमी करायची नाही. गोळी घेतली की जेवायचंच. उपास करायचा तर आधी मला विचारायचं."

"आणि घारी?" आतोबांनी विचारले. डॉक्टर पिशवी उचलून निघाले.

त्या दिवसाच्या पानावर आतोबांनी सुरेख निळी चिंधी लावली. खाली त्या वहीतला एकुलता एक शब्द लिहिला: कच्चा. पुढे ताट समोर आल्याशिवाय त्यांनी कधी गोळीला हात लावला नाही. आत्याच ती वाढी, पानात डावीकडे, मिठाशेजारी. लोणचे विसरले तरी गोळी विसरत नसे. अशी आठ-नऊ वर्षे गेली. त्या दिवशी मी गोळी हातात कशासाठी घेतली होती, हे त्यांनी कधी विचारले नाही. पंडित म्हणणे मात्र त्यांनी त्या दिवसापासून सोडले, आणि मला नावाने हाक मारू लागले.

आतोबा गेले त्याला आता दीड महिना झाला. छातीचे दुखणे होते, साखरेचा त्याच्याशी संबंध होता की नव्हता हे मी विचारले, पण सांगितलेले नीट समजले नाही. तेराव्याला त्यांच्या नावाने पान वाढले. भात, वरण, वडे, आणि कुणीतरी आठवणीने आणलेली घारी. आत्याने मीठ वाढले आणि सवयीने मिठाशेजारी गोळी ठेवली. ती उचलावी की राहू द्यावी, मला कळेना. मी फक्त एवढे पाहून घेतले की पानात जेवण पुरते वाढले आहे.