एकतीस मीटरची आत्या

आत्या नीट मांडी घालून बसलेली मला आठवतच नाही. जेवतानासुद्धा तिचा एक गुडघा उभा, उठायच्या तयारीत. नर्सची नोकरी संपली, तरी पायांची भिंगरी काही थांबली नाही. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या आमच्या गावात ती एकटीच राहायची. एका जागी टेकायची ती फक्त रेडिओपुढे, आणि तिथेही बोटं काट्याच्या बटणावर फिरतच असायची.

"मोबाईलवर सगळं ऐकू येतं की," असं मी एकदा म्हणालो आणि फसलो. "तुले काय समजते बापा! एफएम नाकासमोरचं, टेकडी आडवी आली का खल्लास. एमडब्ल्यू, म्हंजे मिडियम वेव्ह, जमीन धरून येते, नागपूरवरून. आन् एसडब्ल्यू, म्हंजे शॉर्टवेव्ह, आभायाले टप्पा खाऊन येते, साता समुद्रापलीकडून. मोबाईल काय, बोलावलं का हजर. याची वाट पाहा लागते!"

घड्याळाशी तिचं जमत नसे. वेळ ती शॉर्टवेव्हच्या पट्ट्यांवर मोजायची: दिवसा एकोणीस मीटरचा पट्टा, दिवस बुडाला की एकतीसचा. "एकतीस लागलं का चहा ठेवजो," म्हणायची. त्या एकतीसवर एका दूरदेशाचं हिंदी केंद्र लागे. तिथली बाई "नमस्ते" म्हणाली की आत्या खरोखर हात जोडायची. मला हसू यायचं.

मग शेजारच्या उत्तमकाकांनी शेताच्या तारेला झटका मशीन लावलं. रोही म्हणजे नीलगाई आणि डुकरं यायची थांबली, पण रेडिओत दर क्षणाला टक्, टक्! आत्या तरातरा शेताच्या बांधावर, धुऱ्यावर गेली. "उत्तम, तुह्या मशीनीनं माह्या बाईच्या तोंडात खडे पडून राह्यले. अर्धा तास बंद कर."

"आन् सोयाबीन रोह्यायले चारू का आक्का?"

झालं, बोलणं बंद. त्यातच केंद्रानं जाहीर केलं, येत्या रविवारी शेवटचं प्रसारण. त्या रविवारी मी वाशीमहून पोचलो तेव्हा आत्याच्या पोटात अन्न नव्हतं. अंगणात येरझाऱ्या चालू. लिंबाला बांधलेली एरियलची तार सोडायची, पुन्हा बांधायची. "आज तरी साफ ऐकू येवो रे," एवढंच धुऱ्यापलीकडे ऐकू जाईल असं घोकत होती. मला तिच्याकडे बघवेना.

दिवस बुडाला. रेडिओ लावला. टक्, टक्. आत्याचा चेहरा रडवेला झाला. चप्पल घालून ती निघालीच होती, आणि टकटक थांबली. बाहेर डबा बडवल्याचा आवाज. पाहतो तर पीक तोंडाशी आलेलं असताना मशीन बंद करून उत्तमकाका जनावरं हाकलायला तेलाचा डबा बडवत धुऱ्यावरून फिरत होते.

शेवटचं "नमस्ते" स्वच्छ ऐकू आलं. आत्यानं हात जोडले, डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसली, "पाहून काय राह्यला? उत्तमले चहा नेऊन दे!"

पुढे ती रोज एकतीसवर काटा फिरवत राहिली. "दुसरं कोणी लागंन ना." काकाही त्या वेळेला रोज मशीन बंद करायचे.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. महिन्याभरानं घर आवरायला गेलो, तर संध्याकाळी जीव लागेना. तिचा रेडिओ लावला. नुसती खरखर. पण टकटक नव्हती. तेवढ्यात शेतातून डब्याचा आवाज आला.

मी धुऱ्यावर धावलो. "काका, आता कायले बंद करता?"

"तिचा टाइम झाला ना." त्यांनी डबा खाली ठेवला. "लागलं का कोणी?"

"नाही."

"मंग जाय, फिरव," काका म्हणाले. "अजून अर्धा तास हाये."