परमुलखाची काकडी

जिथं पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण मला सासरच्या मळ्यानं शिकवली. आमचं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे मोगलाईत, वऱ्हाडच्या सीमेला लागून. त्या उन्हाळ्यात गावातल्या झाडून साऱ्या माळ्यांनी काकडी लावली आणि सगळ्यांची एकदमच आली. आमच्या बाजारात कुणी फुकट घेईना. सासू म्हणाली, "टाक बैलापुढं." काकडी लावायचा हट्ट माझा होता. मोटेचं पाणी वाफ्यावाफ्यानं मीच फिरवलं होतं. ती बैलापुढं टाकायला माझा हात धजेना. मी नवऱ्याला म्हटलं, गाडी जुंपा, आपण केनवडला जाऊ.

केनवड वऱ्हाडातलं, म्हणजे इंग्रजांच्या राज्यातलं. आज नातवंडांना सांगितलं तर हसतात, कारण सीमा कुठं होती ते दाखवायला आता साधा दगडही उरलेला नाही. तेव्हा मात्र मध्ये जकातीचा नाका होता आणि पलीकडचा रुपयासुद्धा वेगळा होता. नाक्यावरच्या शिपायानं काठीनं पाट्या उचकल्या, दोन काकड्या उभ्या उभ्या खाल्ल्या आणि आम्हाला सोडलं. मी मनात म्हटलं, चला, इंग्रजांच्या मुलखात आपली काकडी आवडली.

केनवडच्या बाजारात निंबाच्या झाडांखाली भाजीवाल्या बायांची ओळ बसायची. ओळीच्या शेवटी जागा पाहून मी पाटी टेकवली, तोच ओळीतली सगळ्यांत जुनी म्हातारी उठून आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की गुरांच्या बाजारापर्यंत जावा.

"कोनची होय तू?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"म्हंजे मोगलाईतली. इथी नोको बसू. तिकडं बस, नालीपाशी."

नालीपाशी म्हणजे गुरांच्या बाजारातलं घाण पाणी वाहायचं तिथं, भर उन्हात. ती माळीण, मीही माळीण. तिच्या घरी जे कुळाचार तेच माझ्या घरी. पण मी पलीकडची. पाणी मागितलं तर एका बाईनं घागर आपल्या पाठीमागं सरकवली. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण परक्या मुलखात भांडायचं कुणाच्या जिवावर? नवरा बैलांपाशी खाली मान घालून बसला होता. मी नालीपाशी जाऊन बसले.

आणि तिथं मी मोठीच चूक केली. आमच्या गावात रीत अशी की काकडी विकणारीनं आधी आपण चाखायची. देठाकडचं टोक दातानं तोडायचं, चावून दाखवायचं, मग म्हणायचं, घ्या, गोड आहे. कडू निघाली तर तोंड विकणारीचं वाकडं होतं, घेणाऱ्याचं नाही. आमच्याकडं हा इमानदारीचा पुरावा. माझ्याकडं पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक जैन दुकानदार. मी काकडीचं टोक दातानं तोडलं, चावलं आणि उरलेली त्यांच्यापुढं केली. शेटजींनी विंचू पाहिल्यासारखा हात मागं घेतला.

म्हातारीनं ते पाहिलं. "पाह्यलं का? उष्टं करून इकून राह्यली. मोगलाईत असंच चालते."

झालं. घडीभरात साऱ्या बाजारात पसरलं की मोगलाईतली बाई उष्ट्या काकड्या विकते. दिवस मावळेस्तोवर एक काकडी गेली नाही. भरल्या पाट्या भरल्याच परत निघाल्या.

वाटेत नवरा म्हणाला, "पुन्हा नको यायला." चूक माझी होती, ती मी मानली. आपली रीत दुसऱ्याच्या अंगणात तशीच चालेल, असं समजणं हा अडाणीपणा. पण मला खरा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्यांच्या ओळीतल्या बाईनं सडकं वांगं दिलं तर ते एक वांगं सडकं. मी एक काकडी उष्टी केली तर अख्खी मोगलाई उष्टी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. मला त्या बाजारात काकडी विकायची होतीच, पण आता त्या ओळीत बसून विकायची होती.

आठ दिवस मी एकच काम केलं. काकडीचा कडूपणा वेलाचा असतो. एक वेल गोड असला तर त्याची सगळी फळं गोड, आणि कडू असला तर सगळी कडू. पहिलं फळ चाखून कडू वेल उपटून टाकायचे हे मी आधीपासून करत होते. या वेळी तोडणीसुद्धा वेलावेलानं केली. एका वेलाच्या काकड्या पळसाच्या पानांच्या एका पुडक्यात बांधल्या, दुसऱ्याच्या दुसऱ्या पुडक्यात. सासू म्हणाली, काकड्यांचं बारसं करतेस का? मी म्हटलं, करू द्या.

पुढच्या बाजारी कुणी न सांगताच मी नालीपाशी बसले. सोबत घासून लख्ख केलेला विळा आणि तांब्याभर पाणी. गिऱ्हाईक आलं की त्यालाच म्हणायचं, "यातली कुठलीबी एक काढा. मी कापते, तुम्ही चाखा. ही गोड तर पुडक्यातल्या सगळ्या गोड. कडू निघाली तर पुडकं नालीत फेका." माझे दात नाहीत, माझं उष्टं नाही. पहिल्यांदा एका हमालानं मजेखातर चाखली आणि पुडकं घेऊन गेला. मग दोघं आले, मग पाच. थोड्या वेळानं तेच शेटजी आले. त्यांनी विळा माझ्याकडून मागून घेतला, स्वतः धुतला, स्वतः कापून चाखलं आणि दोन पुडकी पिशवीत टाकली. नालीपाशी उन्हात माणसं उभी आणि सावलीतली ओळ रिकामी. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला.

काकडी म्हातारीकडंही होती. मग लोक तिलाही म्हणू लागले, "मावशी, तुमीबी कापून दाखवा." ती चिडली, पण नाही कसं म्हणणार? तिनं कापली. चाखणाऱ्यानं थू करून थुंकलं. दुसरी कापली, तीही कडू. तिच्या ढिगात साऱ्या वेलांच्या काकड्या एकत्र होत्या, गोडही असतील, पण कोणती ते तिलाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या बाजारी मी गाडीतून उतरते तोच म्हातारी जवळ आली. बैलांकडं पाहिलं, उन्हाबद्दल बोलली, माझ्या लेकराबाळांची चौकशी केली. मी म्हटलं, "मावशी, ताकाला येऊन भांडं लपवू नका. काय विचारायचं ते विचारा."

"काकडी कडू काहून निघत नाही तुही?"

"जागा द्या, मग सांगते."

मलाच माझ्या धिटाईचं नवल वाटलं, पण शब्द माघारी घेतला नाही. ती हसली, दात नव्हते तिला फार. माझी पाटी तिनं स्वतः उचलली आणि ओळीत आपल्याशेजारी ठेवली. मी तिला वेल उपटायचं सांगितलं, तोडणी वेगळी करायचं सांगितलं, काहीही हातचं राखलं नाही. सांगून होईतो घागरीवालीनं न मागता पाणी पुढं केलं.

तेवढ्यात बाजारठेकेदाराचा माणूस बैठकीचे पैसे घेत आला. माझ्यापाशी थांबला आणि काठी नालीकडं दाखवत म्हणाला, "ए, मोगलाईवाली, तुही जागा तिकडं. ऊठ."

मी तोंड उघडायच्या आधी म्हातारी बोलली. वर पाहिलंसुद्धा नाही तिनं, हातातली वांगी पुसत होती.

"तिले काहून उठवून राह्यला? थे आमच्या ओळीतली हाय."

त्यानं माझ्याकडून बैठकीचे पैसे घेतले आणि पुढं गेला. माझे डोळे भरून आले होते, ते मी पदरानं पुसले आणि पाटी हातभर पुढं सरकवून ऐसपैस बसले.