भिंतीवरचा नवरा

माझी बायको इतिहासात पीएच.डी. करते. विषय ऐकला की लोक एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघतात: एकोणिसाव्या शतकातली नागरी हक्कांवरची व्यंगचित्रं. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी मताचा हक्क मागितला, बायकांनी मागितला, तेव्हा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी त्यांची कशी टर उडवली, ते ती शोधते. मुद्दा खोडता आला नाही की नाक मोठं काढायचं, असं ती म्हणते. शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा तिनं ती चित्रं छापून आणली आणि विष्णुपुरीच्या आमच्या दोन खोल्यांत, टेबलावरच्या भिंतीला ओळीनं चिकटवली. मी शिकवतो ते कॉलेज सकाळचं. दुपारी ती ग्रंथालयात जायची आणि आमची तान्ही लेक माझ्याकडे असायची. मला यात विशेष काही वाटत नव्हतं, निदान दादा येईपर्यंत तरी.

दादा म्हणजे माझे वडील. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते उमरीकडच्या आमच्या गावाहून आले होते. आल्या दिवशीच त्यांनी मला लेकीची दुपटी पिळताना पाहिलं आणि मान फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. बोलले असते तर मीही बोललो असतो; भांडायला मी काही कमी नाही. पण ते बोलतच नव्हते, आणि तेच मला झोंबायचं.

त्यातच एकदा गावाहून माझ्या चुलतभावाचा फोन आला. दादा फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"काका, तुमचा प्रोफेसर लेकरं सांभाळून राहिला म्हणे?"

आणि दादा हसले. ओशाळं का होईना, पण हसले. मी लेकीला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात उभा होतो. चाळिशीला आलेला माणूस मी, पण पुढचं ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडला. गाव काय म्हणतं याची मला फिकीर नव्हती. या एका माणसानं मला कमी लेखू नये, एवढंच हवं होतं.

ऑपरेशन नीट झालं. दादा काळा चष्मा लावून पडून असायचे. एका दुपारी लेकीला झोपवून मी बाहेरच्या खोलीत आलो, तर ते चष्मा काढून टेबलाशी उभे होते, नाक भिंतीला टेकायचंच बाकी. समोर एक चित्र होतं. मिशीवाला, चष्मेवाला एक नवरा कमरेला फडकं गुंडाळून बसलाय. एका हातात रडणारं लेकरू, दुसरा हात धुण्याच्या टबात. दारातून त्याची बायको पिसांची टोपी घालून, ऐटीत, मत द्यायला निघालीय.

"हे कुनी केलं?" दादांनी विचारलं. आवाज शांत होता, म्हणजे राग फार होता.

"काय, दादा?"

"तुजं चित्र. मिशी तुजी, चष्मा तुजा. कपडे तेवढे सायबाचे घातलेत. आजकाल मोबाइलवर काहीबी करतेत पोरं."

मी काही सांगायच्या आत त्यांनी चुलतभावाला फोन लावलासुद्धा.

"माझ्या पोराची मस्करी करून राहिला काय रे? लेकरू त्याचं हाय. तो सांभाळल, न्हाईतर डोक्यावर घिऊन फिरल. तुझ्या बापाचं काय जातंय?"

त्याचा बाप म्हणजे दादांचा सख्खा भाऊ, पण रागात तेवढं कोण बघतं? पलीकडून तो बिचारा "काका, कसलं चित्र?" एवढंच विचारत राहिला. दादांनी फोन ठेवला. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी खुर्ची पुढे केली.

मग सगळं सांगितलं. हे चित्र अमेरिकेतलं आहे, शंभर वर्षांहून जुनं. बायकांना मताचा हक्क दिला तर नवऱ्यांचे असे हाल होतील, अशी भीती घालायला काढलेलं. लोकांनी हसावं म्हणून.

"ती मत द्यायला निघाली म्हणून?"

"हाव."

"तुजी माय तर दर इलेक्शनला माझ्या आधी जाऊन मत टाकून यायची." यात हसण्यासारखं काय, हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

"त्याला फोन करून सांगू का, गैरसमज झाला म्हणून?"

"कशाला? हसला व्हता की तो." हातातला काळा चष्मा पुसत ते म्हणाले, "मीबी हसलो व्हतो."

मी लेकीचं वाळलेलं दुपटं उचलून घडी घालायला लागलो. दादा पुन्हा चित्राकडे बघायला लागले.

"ह्या मानसाला बाप असंल?"

"दादा, हा खरा माणूस नाही. नुसतं चित्र आहे."

"असंल कुनीतरी. उगंच कोन काढतं?" त्यांनी चित्रातल्या नवऱ्याच्या डोक्यावर हलकेच बोट ठेवलं. "त्याच्या बापानं पेपरात हे बघितलं असंल, तर लई लागलं असंल त्याला."