कमी पॉवरचा स्कोप आणि आईचा प्रश्न

किया ओरा मंडळी, म्हणजे इथल्या माओरी भाषेत नमस्कार! आज शिकारीच्या रायफलसाठी स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, घ्यायला गेलो होतो. पुण्याहून आलेली आई सोबत होती.

दुकानातल्या मोठ्या स्कोपमधून तिने भिंतीवरचं हरणाचं मुंडकं पाहिलं. "अरे, पापण्यासुद्धा दिसतायत याच्या!"

मी कमी पॉवरचा निवडला. तिला हायसं वाटलं. "बरं केलंस. यात डोळे तरी दिसणार नाहीत."

"तसं नाही आई. दाट झाडीत हरीण समोरच असतं. मोठ्या स्कोपमध्ये नुसती कातडी दिसते, यात अख्खं हरीण मावतं."

"एवढ्या जवळ जातोस? म्हणजे डोळे दिसतातच."

"दिसतात."

"आणि काही वाटत नाही?"

घरी येऊन स्कोप बसवला. काही वाटतंय का, ते अजून बघतोय. शिकारीला जाणाऱ्यांनो, तुम्हाला वाटतं?